आजी मला स्मगल करते

जानेवारी अर्धा सरला की दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे माझ्या घरी येतात. मुलुंडच्या एका मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवते, त्यामुळे माझा हिवाळा सुतळीने बांधलेल्या उत्तरपत्रिकांनी सुरू होतो आणि बोर्डाच्या शेवटच्या पेपरला संपतो. मधल्या काळात मुंबईत थंडी पडते, असं म्हणायची पद्धत आहे. सकाळी डोंगराकडून जरा गार वारं येतं. आमच्या स्टाफरूममधल्या बायका हौसेने स्वेटर घालून येतात आणि अकरा वाजता ते काढून खुर्चीच्या पाठीला अडकवतात. बिचाऱ्या स्वेटरांना वर्षातून तेवढीच हवा मिळते.

यंदाचे गठ्ठे परवा आले. सुतळी सोडली आणि कागद, शाई आणि दप्तरातला डबा यांचा मिळून जो एक वास असतो, तो आला. त्या वासासरशी मी थेट दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत जाऊन पोचले. हातातलं लाल पेन तसंच राहिलं. पहिल्या दिवशी एकही पेपर तपासून झाला नाही.

त्या वर्षी मी प्रश्नपत्रिकेत एक शब्द घातला होता. स्नगल. धड्यातलं मांजरीचं पिल्लू थंडीत पांघरुणात शिरतं, तिथे तो आला होता. वर्गात मी अर्थही सांगितला होता : उबेत शिरून, अंगाचं मुटकुळं करून, सुखाने पडून राहणं. ‘हा शब्द स्वतःच्या वाक्यात वापरा’ असा प्रश्न होता. बहुतेकांनी ती जागा कोरी सोडली. काहींनी मांजरीचं पिल्लू जसंच्या तसं उतरवून काढलं. समीक्षा नावाच्या एका मुलीने मात्र खरंच स्वतःचं वाक्य लिहिलं होतं. ‘एव्हरी नाइट माय ग्रँडमदर स्मगल्स मी इन हर गोधडी.’ रोज रात्री माझी आजी मला तिच्या गोधडीत स्मगल करते.

मी मोठ्याने हसले. ही चूक मुंबईच्या मराठी शाळेतच होऊ शकते. स्मगल हा शब्द इथल्या मुलांना कुणी शिकवावा लागत नाही, तो त्यांच्या आजोबांनाही पाठ असतो. स्नगल मात्र त्यांच्यापैकी कुणाच्या घरी येत-जात नाही. त्या पोरीने अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दाच्या जागी बसवला होता आणि पुढे निघून गेली होती.

‘काय झालं वं? येकटीच हासून राह्यली,’ सोफ्यावरून आईने विचारलं.

आई त्या हिवाळ्यात माझ्याकडे होती. ती राहायची वाशीमजवळच्या आमच्या गावात, बाबा गेल्यापासून एकटीच. डिसेंबरात मागच्या दाराच्या पायरीवरून घसरून पडली आणि मनगट मोडलं. शेजारच्या भागाबाई ताक द्यायला आल्या म्हणून कळलं, नाहीतर किती वेळ तशी पडून राहिली असती कोण जाणे. ते ‘किती वेळ’ माझ्या डोक्यातून जाईना. मी गावी गेले, डॉक्टरांकडून प्लॅस्टर घालून घेतलं आणि तिला घेऊन आले. मला भाऊ-बहीण नाही. माझं लग्नही झालेलं नाही. त्यामुळे तिला कुठे न्यायचं, यावर चर्चा करायला कुणी नव्हतं.

प्रश्न होता तो तिला ठेवून घेण्याचा. गावी परत जाऊन तिने एकटीने राहणं मला मान्य नव्हतं, आणि लेकीच्या घरी राहणं तिला मान्य नव्हतं. ‘हात बरा झाला का मी चालली,’ हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. माझ्या घरात ती राहत नव्हती, थांबली होती. तिची बॅग कॉटखाली चेन लावून तयार असायची. कंगवा वापरून झाला की परत बॅगेत. टॉवेल दोरीवर वाळला की परत बॅगेत. चहा प्यायली की एका हाताने का होईना, कप धुऊन पालथा घालायची, म्हणजे तिने चहा प्यायल्याची खूणसुद्धा राहायची नाही. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची, ‘पानी घेऊ का?’ आणि बसायची ती सोफ्याच्या कडेला, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी. आपल्याकडे अंग चोरून बसणं म्हणतात ना, ते असं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही ते सोयीचंच वाटलं होतं. पंधरा वर्षं मी या वन बीएचकेत एकटी राहत होते, अगदी ऐसपैस. पंखा माझ्या मर्जीने चालायचा, जेवण माझ्या मर्जीने व्हायचं, रविवारी दहापर्यंत लोळायचं असेल तर लोळायचं. आई आली आणि पहाटे पाचला नळ वाहू लागला, बुद्धवंदना सुरू झाली. भाजीत तिखट कमी आहे असं ती म्हणायची नाही, पण एक घास जास्त पाण्याबरोबर गिळायची. मला राग यायचा, आणि मग रागाची लाज वाटायची. ‘तू बस गं, मी करते,’ हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणायचे. आपण आईची सेवा करतोय अशी माझी समजूत होती. पण तू बस, मी करते, हे आपण पाहुण्यांना म्हणतो. घरातल्या माणसाला आपण उठ, जरा लसूण सोल, असंच म्हणतो.

पेपर तपासता तपासता मी ‘स्नगल’साठी मराठी शब्द शोधत बसायचे. खोडच ती. ‘ठाण मांडून बसणं’ आठवलं, ‘तळ ठोकणं’ आठवलं, ‘बस्तान बसवणं’, ‘पाय पसरणं’, ‘मुक्काम ठोकणं’. सगळे शब्द आरामात बसण्याचेच, पण एकही प्रेमाने म्हटलेला नाही. दुसऱ्याच्या घरी कुणी सुखाने टेकलं की आपल्या भाषेच्या कपाळाला लगेच आठी पडते. आला, बसला, आता उठायचं नाव घेत नाही. आई आयुष्यभर हीच भाषा बोलत आली होती. आपल्याबद्दल यातला एखादा शब्द कुणी वापरेल, याची तिला केवढी धास्ती असणार, हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं. विहारात गेलो की बायका तिला सहज विचारायच्या, ‘मावशी, किती दिवस मुक्काम?’ ती घाईघाईने सांगायची, ‘बस्, प्लॅस्टर निघालं का चालली.’ जणू कुणी चोरी पकडली होती.

प्रेमाचा एकच शब्द सापडला. कुशीत शिरणं. पण त्याला कूस लागते, म्हणजे दुसरं माणूस लागतं. इंग्रजीतलं ते पिल्लू नुसत्या रजईत स्नगल होऊ शकतं, पुस्तक घेऊन एकटं माणूसही होतं. मराठीत ती सोय नाही. मी महागडी गादी घेतली होती, दोन मऊ उशा घेतल्या होत्या, आणि तरी मराठीत माझ्या त्या झोपेला चांगलंसं नाव नव्हतं. हे लक्षात आल्यावर मी जरा वेळ पेपर बाजूला ठेवला आणि उगाच खिडकीत जाऊन उभी राहिले.

तर त्या संध्याकाळी मी समीक्षाचं वाक्य आईला वाचून दाखवलं आणि मराठीत सांगितलं. मला वाटलं तीही हसेल.

‘स्मगल म्हंजे?’ तिने विचारलं.

‘चोरून आत आणणं. कुणाला कळू न देता.’

‘मंग बरोबरच तं लिवलं पोरीनं. काऊन हासतं?’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘तुले मी तसंच नेत होती.’

मग तिने जे सांगितलं ते मी त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं. मी तीनेक वर्षांची असताना बाबा गवंडीकामाला बाहेरगावी असायचे आणि आई तालुक्याच्या गावात मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. पहाटे कामावर जावं लागायचं. कामवाल्या बायकांनी मुलं आणायची नाहीत असा तिथला नियम होता. घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं. तेव्हा थंडीत आई मला झोपेतच उचलायची, अंगावरच्या शालीखाली घ्यायची आणि मागच्या दाराने आत न्यायची. स्वयंपाकघराशेजारी एक खोली होती, तिथे वसतिगृहाच्या गाद्या-गोधड्यांची थप्पी असायची. त्या थप्पीत मधे जागा करून मला ठेवायची आणि पीठ मळायला जायची. मी उठायचे तोवर पोळ्या झालेल्या असायच्या.

‘रडायचे नाही मी?’ मी विचारलं.

‘नाई. तू तं लय शहानी होती. गोधडीत नाक खुपसून पडून राहे.’

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. पण पुष्कळशा धुतलेल्या सुताचा, थोडा दमट, थोडा धुराचा एक वास आहे, तो कुठेही आला की माझे डोळे मिटू लागतात. परगावच्या लॉजमध्येसुद्धा मला असं झालं आहे, आणि का ते मला माहीत नव्हतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी एका विद्यार्थिनीने केलेल्या स्पेलिंगच्या चुकीमुळे ते कळलं.

‘कुणी पकडलं नाही कधी?’

‘येक दिवस वॉर्डनबाईनं दार उघडलं ना. तुले पाह्यलं, मायाकडं पाह्यलं, अन् दार लोटून घेतलं. मी तिथं होती तवापर्यंत त्या बाईनं मले येका शब्दानं इचारलं नाई.’ आई आपल्या प्लॅस्टरवरून बोट फिरवत राहिली. ‘इचारलं असतं तं मले तुले घेऊन जा लागलं असतं.’

समीक्षाला मी अर्धा गुण दिला. पेपर वाटले त्या दिवशी ती टेबलापाशी आली.

‘टीचर, अर्धा का दिला? एक तर बनतो ना!’

‘स्मगल म्हणजे काय ते माहितीये का तुला?’

‘हो ना, गुपचूप माल आत आणतात. माझी आजी पण गुपचूपच घेते मला. ताईला कळलं तर ती पण मध्ये घुसते, मग आजीलाच जागा नाही राहत. टीचर, खरंच असंच होतं आमच्याकडे, मी काय खोटं लिहिलं?’

खोटं काहीच नव्हतं. मी खोडून एक गुण केला. तिला वाटलं टीचरला पटवलं आपण. ‘थँक्यू टीचर, झकास,’ म्हणत ती जागेवर गेली. परीक्षकाच्या नियमात हे बसत नाही, मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी ठरवलं की आईला विचारायचं नाही. त्या वॉर्डनबाईंसारखं दार लोटून घ्यायचं. इतके दिवस माझं रोजचं पालुपद होतं : आई, तिथे पडलीस तर कोण बघेल, आई, तुझं वय झालं, आई, ऐक माझं. ते बंद केलं. तिला घरात चोरून आणायचं, कळू न देता. प्लॅस्टर निघालं, डॉक्टरांनी आणखी दीड महिना हात जपायला सांगून तिचं जाणं लांबवलं, आणि मी तिला कामं सांगू लागले. उत्तरपत्रिका हजेरी क्रमांकाने लावून देणं हे तिचं काम झालं. चौथीपर्यंत शिकलेली आई एकेक क्रमांक ओठांतल्या ओठांत म्हणत गठ्ठे लावायची, आणि एखादा पोरगा गैरहजर असला तर तिला त्याची काळजी लागायची. ‘सतरा नंबरचं पोरगं आलंच नाई बापा.’ स्टेशनबाहेर हरभऱ्याचे टहाळ आले तेव्हा मी जुड्या आणून तिच्यापुढे टाकल्या. आम्ही दोघी वर्तमानपत्र पसरून घाटे सोलत बसलो. ‘याले थंडी म्हनतात तुम्ही?’ असं ती हसून म्हणाली. त्या दुपारी ती माझ्याशी गावातल्या अर्ध्या लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होती. मला वाटलं, रुळली.

एकदा ती विहारात गेली असताना मी तिची बॅग उघडली. चारही लुगडी काढून माझ्या कपाटातल्या मधल्या कप्प्यात ठेवली, कंगवा आरशाखाली ठेवला. ती आली, तिने कंगवा पाहिला आणि हातपाय धुवायला गेली. मनातून मी खूश होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पाहते तर कप्प्यातून सगळं गेलेलं. लुगडी परत बॅगेत, घडीवर घडी. कप्प्यात तिने माझे दुपट्टे लावून ठेवले होते, आधी होते तसेच.

तेव्हा मला वाईट वाटलं त्यापेक्षा अपमान जास्त वाटला. मी मनात म्हटलं, जायचं तर जा. बोर्डाचे पेपर संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट तिनेच मला काढायला सांगितलं होतं. मी ते काढलं, मोबाइलवर तिला दाखवलं आणि म्हटलं, ‘खालचा बर्थ मिळालाय.’ ती ‘बरं झालं’ म्हणाली. पुढचे पंधरा दिवस आम्ही एकमेकींशी फार चांगलं वागलो. घरात भांडण असावं तसा तो चांगुलपणा होता.

आज मागे वळून बघताना कळतं, ते लपूनछपून आणणं तीन वर्षांच्या पोरीला पुरतं. तिला उचललं की ती येते. बहात्तर वर्षांच्या बाईला स्वतःच्या पायाने आत यायचं असतं, आणि त्यासाठी तिला एक कारण लागतं. मी तिला कारणं खूप दिली होती. सगळी तिचीच होती. तिचं मनगट, तिचं वय, तिची पायरी. माझं एकही त्यात नव्हतं, कारण ते सांगायची मला लाज वाटत होती. एकटीने सगळं निभावणारी म्हणून माझा शाळेत, बिल्डिंगमध्ये, नातेवाइकांत एक दबदबा होता. तो मीच कष्टाने उभा केला होता, आणि त्यात मी चांगलीच ठाण मांडून बसले होते.

जाण्याचा दिवस आला. गाडी संध्याकाळची, ठाण्याहून. मी टॅक्सी बोलावली होती. आई नवं लुगडं नेसून, चपला घालून दारापाशी खुर्चीवर बसली होती. दशम्यांचा डबा बांधून झाला होता. मी जमिनीवर बसून तिच्या बॅगेचा पट्टा आवळत होते, तो बकलातून सारखा निसटत होता. तिसऱ्यांदा निसटला तेव्हा मला रडू फुटलं. ओक्साबोक्शी, नाक गळेपर्यंत. शाळेतल्या पोरांनी पाहिलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं.

‘काय झालं? पट्टा तुटला का?’ आई म्हणाली.

‘आई, नको ना जाऊस,’ मी म्हटलं. ‘तू पडशील म्हणून नाही. मला करमत नाही एकटीला. पंधरा वर्षं करमत होतं, आता नाही करमत. मी शाळेतून येते तेव्हा आत कुणी असतं, कुकरचा वास येतो, तू काहीतरी पुटपुटत असतेस. तू गेलीस की मी कुलूप उघडून आत कशी येऊ?’

ती खुर्चीवरून उठली. मला वाटलं, जवळ घेईल. ती चिडली.

‘मंग हे आधी काऊन नाई सांगतलं?’ तिचा आवाज चढला. ‘आल्या दिवसापासून तू मले सांगत होती, आई तू पडशीन, आई तुयं वय झालं, आई तुले कोन पाहीन. मी म्हटलं, झालं, पोरीवर ओझं झालं आपलं. ओझं होऊन कोनी पोरीच्या घरी राह्यते का? तुले मायी गरज हाये, हे येक डाव तरी बोलली का तू?’

मी मान हलवली. नव्हते बोलले.

‘येवढी इंग्रजी शिकवतं,’ ती म्हणाली आणि तिलाच रडू आलं.

तेवढ्यात फोन वाजला. टॅक्सीवाला खाली गेटवर उभा होता. ‘मॅडम, कितना टाइम? आना है के नहीं?’ मी तोंड उघडलं, पण हुंदक्याशिवाय काही बाहेर पडेना. तो पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करत होता. आईने पदराने डोळे पुसले, माझ्या हातातून फोन काढून घेतला, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं, ‘नाई येत, बापा. मायी पोरगी येकटी हाये घरी.’